फळ्यावर लिहिण्याआधी पत्र कोणाला लिहिले होते ते पाहावे

करवीर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत इतिहास शिकवणाऱ्या बाईंनी विचारलेला प्रश्न असा आहे: शाळेच्या परिपाठात रोज एक सुविचार वाचला जातो आणि तो दिवसभर दर्शनी फळ्यावर राहतो. यंदा हा उपक्रम सतराव्या आणि अठराव्या शतकांतील विचारवंत व राज्यकर्ते यांच्यापुरता ठेवला आहे. मुले मोबाईलवरून वाक्ये उतरवून आणतात, पण त्यांतली बरीचशी कोणाच्या तरी नावावर खपवलेली वाटतात. खरी वाक्ये ओळखायची कशी, आणि तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या कारभाराच्या मजकुरातून आजच्या मुलाच्या हाती खरोखर काय देता येते?

मी गेली तीस वर्षे कोल्हापुरात मोडी कागद वाचतो आणि मोडीचे वर्ग घेतो. माझ्याकडे येणारे कागद बहुतेक जमिनीच्या वाटण्या, इनामाच्या सनदा, कर्जरोखे असे असतात. थोरामोठ्यांची पत्रे त्या मानाने क्वचित. तरी या रोजच्या कामाने एक सवय लावली आहे आणि माझे सारे उत्तर त्या सवयीवरच उभे आहे. कोणताही मजकूर हाती आला की आधी तो कोणी, कोणाला आणि कोणत्या अडचणीत लिहिला हे शोधायचे, अर्थ मागाहून लावायचा. सुविचार म्हणून आपण जे लिहितो ते बहुतेक वेळा या तिन्ही गोष्टी छाटून उरलेले वाक्य असते, आणि छाटताना जे गळून पडते त्यातच शिकण्यासारखे अधिक असते, असा माझा अनुभव आहे.

सर्वांच्या परिचयाच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो. ‘रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका’ हे वाक्य शिवजयंतीच्या कमानीवर, दिनदर्शिकेवर, रिक्षाच्या पाठीवर, सर्वत्र दिसते, आणि सैनिकांना दिलेली सक्त ताकीद म्हणून आपण ते वाचतो. त्याचे मूळ ५ सप्टेंबर १६७६ च्या पत्रात आहे. ते पत्र शिवाजी महाराजांनी मामले प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला लिहिले. प्रभावळी म्हणजे आपल्या विशाळगडाच्या घाटाखालचा कोकणातला मुलूख. चोरी करणार नाही, इमानेइतबारे काम करीन, अशी शपथ या सुभेदाराने घेतलेली होती. पत्रात तिला ‘क्रिया’ म्हटले आहे. त्या शपथेची आठवण देऊन महाराज लिहितात की ‘एक भाजीच्या देठास तेही मन न दाखविता रास व दुरुस वर्तणे’. मूळ शब्द ‘मन’ आहे, ‘हात’ नाही. हात लावला की नाही हे पाहण्यासाठी पहारा बसवता येतो, चौकशी करता येते. मन गेले की नाही हे ज्याचे त्यालाच ठाऊक असते. शिवाय हे वाक्य पोटाला चिमटा बसलेल्या शिपायाला उद्देशून नाही. ज्याच्या सहीवर साऱ्या मामल्याचा वसूल जमा होतो त्या अधिकाऱ्याला ते उद्देशून आहे. कमानीवरचे वाक्य शिस्तीचे आहे आणि पत्रातले वाक्य सचोटीचे आहे, एवढा फरक त्या एका शब्दाने पडतो.

आणि हे वाक्य पत्राच्या आरंभीचेच आहे. त्यापुढे जे लांबलचक लिहिले आहे ते कोणी फळ्यावर लिहीत नाही, कारण त्यात घोषणेचा डौल नाही. सुभेदाराने गावोगाव फिरावे, गावातले कुणबी गोळा करावेत, कोणाकडे किती मनुष्यबळ आणि किती बैलदाणा आहे ते पाहावे. ज्याच्याकडे हे सारे आहे तो आपली शेती करीलच. ज्याच्यापाशी कष्टाची कुवत आहे, घरात माणूस आहे, पण जोताला बैल नाही आणि पोटाला दाणे नाहीत म्हणून जो अडून बसला आहे, त्याला रोख पैसे देऊन दोन-चार बैल घ्यायला लावावेत आणि पोटासाठी खंडी-दोन खंडी दाणे द्यावेत. त्याच्याने होईल तितकेच शेत त्याच्याकडून करवावे. पुढे त्याच्याकडून फक्त मुद्दल घ्यावे, ‘वाढीदिढी’ म्हणजे व्याजाची आकारणी करू नये, आणि तेही त्याला ‘तवानगी’ येईल तसतसे हळूहळू घ्यावे. या कामी दोन लाख लारीपर्यंत खर्च झाला तरी चालेल, असेही पत्रात आहे. लारी म्हणजे कोकणपट्टीत चालणारे चांदीचे नाणे.

तवानगी हा शब्द मला फार आवडतो. आजाराने खंगलेले माणूस हळूहळू उभे राहते, अंगात थोडी ताकद येते, ते येणे म्हणजे तवानगी. वसुलीच्या पत्रात कर्जदाराच्या प्रकृतीचा शब्द यावा आणि हप्त्याची गती त्या शब्दाला बांधून द्यावी, यात राज्यकर्त्याची नजर कळते. कोल्हापूर भागातल्या मुलाला सोसायटीचे पीककर्ज, उसाचे बिल, थकबाकी आणि सावकाराचे व्याज यांतले काहीच परके नाही. त्याच्या घरी रात्री जेवताना तेच बोलणे चालते. म्हणून त्याला ‘देठ’ सांगितला तर तो आदराने ऐकून घेतो, आणि ‘वाढीदिढी’ सांगितली की प्रश्न विचारू लागतो. एका शिबिरात नववीच्या मुलांपुढे मी हे पत्र वाचले, तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “सर, पण बैल त्यानं विकून खाल्ले तर?” वर्ग हसला. मी हसलो नाही, कारण कर्ज देणाऱ्या प्रत्येक माणसापुढचा पहिला प्रश्न तोच आहे आणि पत्र लिहिणाऱ्यालाही तो सुचला असावा. ज्याला कुवत आहे त्यालाच द्यावे आणि गावोगाव स्वतः फिरून पाहावे, ही तरतूद उगाच केलेली नाही.

दुसरे पत्र लहान मुलांसाठी अधिक सोयीचे आहे. राज्याभिषेकापूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर घोडदळाची छावणी चिपळूणजवळ पडली असता तेथील जुमलेदार, हवालदार आणि कारकून यांना ते लिहिलेले आहे. पावसाळ्यासाठी दाणा आणि गवत यांचा साठा केलेला आहे, तो आत्ताच हवा तसा उधळलात तर ऐन पावसात काही मिळणार नाही, उपास पडतील, घोडी मरू लागतील, आणि मग ती घोडी तुम्हीच मारली असे होईल. मग तुम्ही मुलखाला त्रास देऊ लागाल. कोणी कुणब्याकडचे दाणे आणील, कोणी भाकरी, कोणी गवत, कोणी जळणाचे फाटे, कोणी भाजीपाला. जे बिचारे कसेबसे घर धरून राहिले आहेत तेही उठून जातील, आणि त्यांना वाटेल की मोगल मुलखात आले त्याहूनही तुम्ही अधिक. त्यानंतर पत्र एकदम घरातल्या बारकाव्यावर येते. गवताजवळ चिलीम ओढू नये, कारण वारा लागला की दगा व्हायला वेळ लागत नाही. रात्री दिवा तसाच ठेवू नये, कारण जळती वात उंदीर ओढून नेईल. एक गंजी पेटली की सगळ्या गंज्या जातील, आणि मग कुणब्यांच्या माना मारल्या किंवा कारकुनांना कितीही ताकीद केली, तरी घर उभे करायला एक लाकूड मिळणार नाही.

ज्यांच्या घरामागे वैरणीची गंजी असते त्या मुलांना या पत्रातला उंदीर समजावून सांगावा लागत नाही. लक्ष वेधायचे ते एवढ्याकडेच, की नुकसान झाल्यावर शिक्षा करून ते भरून निघत नाही हे एक सत्ताधारी स्वतःच्या अधिकाऱ्यांना लेखी कळवतो आहे. राज्यकर्त्याचे शहाणपण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रणांगण येते. माझ्या वाचनात मात्र ते बहुतेक वेळा गवत, दाणा, दिवा, बैल आणि झाड यांच्याविषयीच्या सूचनांत सापडले आहे.

झाडांवरून माझी स्वतःची चूक सांगतो. वर्ग सुरू करून दोन-तीन वर्षे झाली असतील. एका गावी वनमहोत्सवाच्या कार्यक्रमात मी भाषण केले आणि आंब्या-फणसाच्या झाडांविषयीचा तो प्रसिद्ध उतारा ‘शिवाजी महाराजांचे आज्ञापत्र’ म्हणून ठसक्यात म्हणून दाखवला. रयतेने ती झाडे ‘लेकरांसारखी बहुत काळ जतन करून’ वाढवली, ती तोडल्यावर त्यांच्या दुःखाला पारावार काय, असा तो उतारा. भाषण संपल्यावर एक वृद्ध गृहस्थ जवळ आले आणि शांतपणे म्हणाले, “हे महाराजांचं पत्र कुठल्या सालचं म्हणायचं?” मला सांगता आले नाही. घरी येऊन पुस्तक उघडले तेव्हा कळले की तो उतारा रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्र’ या राजनीतीवरच्या ग्रंथातला, म्हणजे १७१५ चा आहे. तोवर महाराज जाऊन पस्तीस वर्षे झाली होती. धोरण महाराजांच्या परंपरेतलेच आहे, यात वाद नाही. पण शब्द दुसऱ्याचे आहेत. ते शब्द कोल्हापूरच्या गादीच्या अमात्याचे आहेत हे कोल्हापुरात राहून मला ठाऊक नव्हते, याची लाज अजून वाटते.

रामचंद्रपंतांना आपल्याकडे ‘पंत अमात्य बावडेकर’ एवढ्या नावाने ओळखतात आणि गगनबावड्याला जाताना त्यांची आठवण काढतात. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी ते अष्टप्रधानांत होते. राजाराम महाराज जिंजीला असताना इकडचा सारा कारभार त्यांनी ‘हुकुमतपन्हा’ म्हणून विशाळगडाच्या आधाराने सांभाळला. पुढे कोल्हापूरच्या संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत त्यांच्या हातून हे आज्ञापत्र लिहिले गेले. म्हणजे तीन पिढ्यांचे चढउतार पाहिलेल्या वृद्ध माणसाने नव्या पिढीच्या हाती दिलेला तो अनुभव आहे. झाडांचा उतारा त्यातल्या आरमाराच्या प्रकरणात येतो. तारवांना, म्हणजे जहाजांना, लाकूड हवेच आहे. सागवान वगैरे लाकूड परवानगीने आणावे, उणे पडले तर परमुलखातून खरेदी करावे. आंबे-फणसही कामाचे, पण त्यांना हात लावू देऊ नये, कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. एखादे झाड फारच जीर्ण होऊन कामातून गेले असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषाने तोडून न्यावे. ‘बलात्कार सर्वथा न करावा’. बलात्कार म्हणजे येथे जबरदस्ती. फळ्यावर हा उतारा पर्यावरणाचा म्हणून लिहिला जातो. मला तो अधिक खोल वाटतो, कारण राज्याची निकडीची गरज आणि एका कुणब्याचे परसदार समोरासमोर आले तर काय करावे याचा निवाडा त्यात आहे, आणि तो निवाडा गरजवंत राज्याने स्वतःविरुद्ध दिलेला आहे. रस्तारुंदीकरणात ज्याच्या दारचा आंबा गेला आहे त्या घरातल्या मुलाला हा निवाडा एकदा संपूर्ण वाचायला द्यावा.

याच ग्रंथात टोपीकरांविषयीचा मजकूर आहे आणि नववी-दहावीच्या मुलांना तो अवश्य सांगावा. फिरंगी (पोर्तुगीज), इंग्रज, वलंदेज (डच), फरासीस (फ्रेंच) हे व्यापार करतात, पण ते इतर सावकारांसारखे नव्हेत; त्यांच्या पाठीशी त्यांची राज्ये उभी आहेत; हाती आलेले स्थळ ते मेले तरी सोडणार नाहीत, असे पंत बजावतात. म्हणून त्यांच्या वखारींना समुद्रकाठी किंवा खाडीच्या तोंडाशी जागा देऊ नये, त्यांना पक्क्या इमारती बांधू देऊ नयेत. प्लासीची लढाई १७५७ ची आहे. हा मजकूर तिच्या चाळीस वर्षे आधीचा आहे. त्याच वेळी सावकार म्हणजे राज्याची शोभा, त्यांच्यामुळे मुलूख आबादान होतो, असेही पंत लिहितात. व्यापार हवा, पण व्यापाऱ्यामागे कोणाचे हात आहेत ते पाहून, असा हा तोल आहे.

आता एक अडचणीची गोष्ट. वतनदारांना वतनदार म्हणणे ही नुसती बोलण्याची रीत आहे, वास्तविक ते ‘स्वल्पच परंतु स्वतंत्र देशनायकच’ आहेत, असे पंतांनी लिहिले आणि नवी वतने-इनामे वाटण्यावर कडक टीका केली. परंतु मोगलांशी झगडताना माणसे आपल्या बाजूला राखण्यासाठी वतने आणि इनामे देण्याचा मार्ग राजारामकाळात पत्करावा लागला आणि त्या कारभाराच्या केंद्रस्थानी स्वतः रामचंद्रपंतच होते. त्यांच्या घराण्याची बावडा जहागीर तर ब्रिटिश काळातही कोल्हापूर संस्थानातल्या मोठ्या जहागिरींत गणली जात होती. यावरून त्यांना ढोंगी ठरवणारेही भेटतात. मला तसे वाटत नाही. आपण कोणत्या नाइलाजाने काय केले आणि त्याचे पुढे काय झाले हे पाहिलेला माणूसच असे लिहू शकतो. मुलांपासून ही विसंगती लपवू नये. सातवीच्या पुढच्या मुलांना ती उत्तम समजते, कारण घरातली मोठी माणसे सांगतात एक आणि करतात दुसरे हे त्यांनी रोज पाहिलेले असते.

हेच रांझ्याच्या पाटलाच्या पत्राविषयी. १६४६ च्या जानेवारीतले ते पत्र शिवाजी महाराजांच्या प्रतिपच्चंद्राच्या मुद्रेसह आले आहे आणि स्त्रीशी गैरवर्तन करणाऱ्या बाबाजी गुजर पाटलाचे हातपाय तोडल्याची हकिकत सर्वांना पाठ असते. त्याच कागदात पुढे त्याच्या भाऊबंदांतल्या सोनजी गुजराने त्या अपंग माणसाला सांभाळण्याचे पत्करले, आणि दिवाणात होन भरून घेऊन पाटीलकी त्याच्या नावे केली, हेही आहे. शिक्षा झालेल्या माणसाला पुढे भाकरी कोण घालणार याची व्यवस्था त्या न्यायातच बसवलेली होती. पहिला अर्धा भाग टाळ्यांचा आहे, म्हणून तो उरला.

खरेखोटे ओळखण्याविषयी आपण विचारले आहे. कागद समोर नसतानाही भाषा पुष्कळ सांगते. सतराव्या शतकातल्या पत्रात दिवाण, ताकीद, मोईन, तसवीस, मेहेरबान असे फारसी वळणाचे शब्द जागोजागी असतात. ते इतके होते की राज्याभिषेकानंतर राजव्यवहारकोश तयार करवून त्यांना संस्कृत प्रतिशब्द द्यावे लागले. त्यामुळे ‘आत्मविश्वास’, ‘ध्येय’, ‘व्यक्तिमत्त्व’, ‘सकारात्मक’ असे शब्द असलेले गुळगुळीत वाक्य कोणाच्याही नावावर आले तरी ते बाजूला ठेवावे. पत्राला पत्राचा घाट असतो: वर मायना, मग ज्याला लिहिले त्याचे नाव व हुद्दा, मग मजकूर, शेवटी ‘जाणिजे’ किंवा ‘बहुत काय लिहिणे’, आणि मजकूर संपला हे दाखवणारे ‘मर्यादेयं विराजते’ हे मोर्तब. यशाची तीन सूत्रे सांगण्यासाठी त्या काळी कोणी पत्र लिहीत नसे. दुसरे असे की मोडीत आधी ओळभर रेघ ओढून घेतात आणि बोरू शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरे लिहीत जातात. शब्दांमध्ये जागा नसते आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. ‘दिन’ आणि ‘दीन’ एकच दिसतात. ‘दीनास देणे’ हे दररोज द्यायचे की गरिबाला द्यायचे, हे मागचापुढचा मजकूर पाहिल्याशिवाय ठरत नाही. माझ्या वर्गातल्या एका हुशार विद्यार्थ्याने रोजमुऱ्याच्या, म्हणजे रोजच्या भत्त्याच्या, साध्या कागदातून एकदा मोठा दानधर्म शोधून काढला होता. छापील पुस्तकातला उतारासुद्धा कोणीतरी असा वाचून लावलेला असतो, हे लक्षात ठेवावे.

महाराणी ताराबाईंविषयी वेगळे लिहितो, कारण कोल्हापूरच्या शाळेत त्यांच्या नावाचा सुविचार हवाच असतो आणि तेथेच बनावट वाक्यांचा सुळसुळाट अधिक आहे. मार्च १७०० मध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले तेव्हा त्या पंचविशीत होत्या. औरंगजेब स्वतः फौजेनिशी दक्षिणेत होता. एकामागून एक किल्ले पडत होते आणि परत घेतले जात होते. सात वर्षांनी तो अहमदनगरजवळ वारला, तोवर त्यांचे सरदार नर्मदा ओलांडून माळव्यात शिरलेले होते. खाफीखान हा मोगलांच्या बाजूचा इतिहासकार, पण पतीच्या हयातीतच मुलकी आणि लष्करी कारभाराच्या जाणतेपणाबद्दल तिचा लौकिक होता, असे तो लिहून गेला. १७१० मध्ये पन्हाळ्यावर वेगळी गादी, १७१४ मध्ये त्याच पन्हाळ्यावर कैद, आणि मृत्यू थेट १७६१ मध्ये साताऱ्याला. एवढ्या आयुष्याला चमकदार वाक्याची गरज नाही. कावळा नाक्यावर घोड्यावरचा पुतळा रोज पाहणाऱ्या मुलांसाठी फळ्यावर खाफीखानाचे मत लिहावे आणि खाली ‘शत्रुपक्षाची साक्ष’ असे लिहावे. शत्रूने कशाची दखल घेतली हे मुलांना शोधू द्यावे.

संतांच्या बाबतीत कसोटी थोडी बदलते. ‘तुका म्हणे’ एवढी मुद्रा असली म्हणून अभंग तुकोबांचाच, असे धरता येत नाही. गाथेत प्रक्षिप्त मजकूर आहे हे अभ्यासक मान्य करतात. पण शंकेचे सोडून द्यावे इतके निःशंक पुष्कळ आहे. ‘सत्य असत्याशी मन केले ग्वाही । मानियेले नाही बहुमता’ ही ओळ मी दरवर्षी नव्या वर्गाच्या पहिल्या दिवशी लिहितो, कारण शंभर गटांतून फिरलेला संदेश म्हणजे बहुमतच असते. तुकोबांच्या प्रयाणाचे परंपरेने मानलेले वर्ष १६५० आहे आणि त्याच वर्षी, महिनाभर आधी, युरोपात फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त वारला. दोघांनी आपापल्या परीने मनालाच साक्षीला बोलावले होते. हे साम्य फार ताणू नये, मुलांना कुतूहल म्हणून सांगावे.

‘एकमेका साह्य करू अवघे धरू सुपंथ’ ही ओळ आपल्या जिल्ह्यात पतसंस्था, दूध संस्था, सेवा सोसायटी अशा सर्व भिंतींवर आहे. ज्या संस्थेत माझी ठेव सहा वर्षे अडकून पडली तिच्याही काउंटरच्या वर ती सोनेरी अक्षरांत होती. संचालकांनी पूर्वार्ध अगदी मनापासून पाळला होता.

‘महापुरे झाडे जाती, तेथे लव्हाळे वाचती’ याविषयी बोलताना कोल्हापुरात पुस्तक लागतच नाही. २०१९ चा आणि २०२१ चा पूर ज्यांनी पाहिला त्यांनी पाणी ओसरल्यावर पंचगंगेच्या काठाला काय उरले होते तेही पाहिले आहे. मुळासकट आडवी झालेली झाडे, फांद्यांना लटकलेल्या चिंध्या आणि प्लास्टिक, आणि त्याच चिखलात आठवड्याभरात पुन्हा उभे राहिलेले गवत आणि लव्हाळे. एक गोष्ट मात्र सांगावी: ही ओळ ‘लहानपण देगा देवा’ या अभंगातली आहे. ऐरावत रत्न थोर, पण त्याला अंकुशाचा मार. तेव्हा ती मोठेपणाच्या हव्यासाविषयी आहे. अन्यायापुढे वाकावे असा तिचा अर्थ करू नये. ‘नाठाळाचे माथी’ काठी हाणण्याची भाषाही याच तुकोबांची आहे.

शेवटचे नाव बहिणाबाईंचे. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी वेगळ्या आणि शिऊरच्या संत बहिणाबाई वेगळ्या, हे प्रथम स्पष्ट करावे लागते. या सतराव्या शतकातल्या बहिणाबाई मुलगी असताना काही काळ कोल्हापुरात राहिल्या, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते. त्यांनी स्वतःच्या आयुष्याची हकिकत अभंगांतून सांगितली आहे. वय अकरा-बारा, वयाने पुष्कळ मोठा, वेदपाठी नवरा, गावोगाव फिरत कोल्हापुरात आलेले कुटुंब एका ब्राह्मणाच्या घरी उतरलेले. तेथे दानात एक गाय मिळाली. तिचे वासरू या मुलीच्या मागे-मागे हिंडे, कीर्तनालाही जाई. जयरामस्वामी वडगावकरांच्या कीर्तनात दाटी झाली म्हणून वासराला बाहेर बांधले आणि ते हंबरू लागले, तेव्हा स्वामींनी त्याला आत आणवले आणि त्या दोघांच्याही मस्तकावर हात ठेवला. गावात बोभाटा झाला, आणि नवऱ्याने तिला वेणी धरून मारले. पुढे वासरू मेले, ती निश्चेष्ट पडून राहिली, आणि त्या अवस्थेत तिला तुकोबांचे दर्शन झाले. तुकोबा शूद्र, म्हणून नवऱ्याचा संताप आणखी वाढला.

या बाईने लिहिले: ‘वेद हाका देती पुराणे गर्जती । स्त्रियेच्या संगती हित नोहे’, आणि पुढे, मी तर सहजच स्त्रीचा देह, मग मला परमार्थाची सोय कशी? हा सुविचार नाही, प्रश्न आहे. अंबाबाईच्या देवळाजवळच्या कुठल्या तरी बोळात मार खाल्लेल्या मुलीने शास्त्रालाच विचारलेला. परिपाठात प्रश्न वाचायची पद्धत नाही हे मला माहीत आहे; तरी वर्षातून एक दिवस हा वाचावा, आणि तो मुलीनेच वाचावा असा आग्रह धरू नये.

राजर्षी शाहू महाराजांची वाक्ये या उपक्रमात घ्यावीत का, असे आपण पत्राच्या कडेला विचारले आहे. ते या कालखंडातले नाहीत; त्यांचा पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा जाहीरनामा १९०२ चा आहे. त्यांच्यासाठी जूनमधला जयंतीचा आठवडा वेगळा ठेवावा आणि तेव्हाही भाषणातल्या टाळीच्या वाक्याऐवजी तो जाहीरनामाच वाचून दाखवावा.

फळ्याची व्यवस्था मी अशी सुचवीन. वाक्य मूळ शब्दांत लिहावे, कठीण शब्दाखाली बारीक अक्षरांत अर्थ द्यावा, आणि त्याखाली लिहिणारा, ज्याला लिहिले तो आणि साल या तीन गोष्टी लिहाव्यात. ज्या वाक्यासाठी मुलाला या तीन गोष्टी आणता येणार नाहीत ते त्याने वहीत ठेवावे, शोध लागल्यावर आणावे. पाचवी-सहावीला चिपळूणच्या छावणीचे पत्र, आठवीला झाडांचा उतारा, नववीला रामाजी अनंताचे पत्र, असा क्रम मला सोयीचा वाटतो. रोज नवे वाक्य आणण्याची घाई नको. आठवड्याला एक पुरे. सोमवारी देठाचे वाक्य लिहिले तर बैलांपर्यंत पोहोचायला गुरुवार उजाडतोच.